ब्रिटनमधली सामुदायिक बोट: आई-बाबांच्या सहलीपासून स्वतः सुकाणू धरेपर्यंत

मे-जून आला की ब्रिटनमधल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा येतात, आणि पहिल्या आठवड्यात लंडन बघून झालं की त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न उभा राहतो. गुडघे दुखत असतात, जिने चढवत नाहीत, गर्दी नको असते. यातली कितीतरी घरं स्लाऊ, हेज, साउथॉल, वॉटफर्ड, मिल्टन कीन्स, लेस्टर अशा ठिकाणी आहेत, म्हणजे ग्रँड युनियन कालव्याच्या किंवा त्याच्या एखाद्या फाट्याच्या अगदी जवळ. आपण त्या काठाने फिरायला जातो, रंगीत लांबोळक्या बोटी बघतो आणि घरी येतो. त्यांतल्या काही बोटी स्थानिक धर्मादाय संस्थांच्या असतात, त्यांवर व्हीलचेअर चढवण्याची सोय असते आणि आपल्यासारख्या कुणालाही त्या मिळू शकतात, हे बहुतेकांना माहीत नसतं.

मी अशा एका संस्थेच्या बोटीवर स्वयंसेवक म्हणून काम करते. बोट कशी शोधायची, सहल कशी ठरवायची, बोटीवर काय करायचं, काय टाळायचं आणि पुढे मन रमलं तर स्वतः क्रू कसं व्हायचं, ते या लेखात सांगते आहे. गर्दीच्या क्रूझचा विचार करण्याआधी एकदा या बोटीचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

या बोटी कुठून आल्या

थोडा इतिहास माहीत असला की संस्थेशी बोलणं सोपं जातं. १७६१ मध्ये मँचेस्टरला कोळसा पोचवण्यासाठी ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांत देशभर कालवे खणले गेले. काठावरून घोडा चालायचा आणि मालाने भरलेली बोट ओढायचा. ज्या पायवाटेवर आज आपण फिरतो, ती त्या घोड्यांसाठी केलेली. पुढे रेल्वे आली, मग ट्रक आले आणि कालवे गाळाने भरू लागले. १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन झाली, आणि कालवे वाचवण्याची चळवळ मुख्यतः हौशी माणसांनी उभी केली. हातात फावडी घेऊन लोकांनी गाळ काढला, दरवाजे दुरुस्त केले, निधी जमवला. केनेट अँड एव्हन कालवा कित्येक वर्षं मधोमध तुटलेला होता, तो अशाच प्रयत्नांतून १९९० मध्ये पुन्हा सलग खुला झाला. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग सांभाळणारी कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्थासुद्धा धर्मादायच आहे.

त्यामुळे सामुदायिक बोट चालवणाऱ्यांना आपण गिऱ्हाईक म्हणून गेलेलं फारसं रुचत नाही. त्यांना पाहुणे हवे असतात, आणि त्यांतले काही पुढे मदतीला आले तर आणखी हवे असतात. फोन करताना एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं सुरळीत होतं.

पहिली पायरी: आपल्या जवळची संस्था शोधा

नॅशनल कम्युनिटी बोट्स असोसिएशन ही सामुदायिक बोटींची देशव्यापी संघटना आहे. तिच्या सदस्य संस्थांपासून शोध सुरू करा. त्याशिवाय काही नावं मी इथेच देते. लंडनमध्ये कॅम्डनला रीजंट्स कालव्यावर पायरेट कॅसल आहे. लॉर्ड सेंट डेव्हिड्स यांनी १९६६ मध्ये मुलांसाठी काढलेला बोट क्लब ही त्याची सुरुवात. रेडिंग-बेझिंगस्टोक भागात राहणाऱ्यांना ओडिअमला, बेझिंगस्टोक कालव्यावर, ॲक्सेसिबल बोटिंग ही संस्था जवळ पडेल. लेस्टरकरांसाठी लफबरोला पीटर ल मार्शंट ट्रस्ट आहे, तिथे अपंग आणि गंभीर आजारी माणसांना केंद्रस्थानी ठेवून सहली आखतात. स्कॉटलंडमध्ये सीगल ट्रस्ट क्रूझेस १९७८ पासून अपंगत्व असलेल्यांना विनामूल्य बोटीतून नेते. एडिंबरोजवळ राथोला युनियन कालव्यावर तिचा मोठा तळ आहे.

नाव सापडलं की दोन गोष्टी तपासा. इंग्लंड-वेल्समध्ये चॅरिटी कमिशनच्या आणि स्कॉटलंडमध्ये ऑस्कर या धर्मादाय संस्थांच्या नियामकाच्या नोंदवहीत संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि हिशेब कुणालाही फुकट बघता येतात. दुसरं म्हणजे बोटीचं बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्र चालू आहे का, हे विचारा. ते साधारण दर ४ वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं आणि त्यात गॅस, इंधन, वीज, आग यांची तपासणी होते. १ एप्रिल २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या बोटींवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही सक्तीचा आहे. हे विचारलं म्हणून कुणी रागावत नाही. उलट चांगली संस्था ते आनंदाने दाखवते.

दुसरी पायरी: फोनवर नेमकं काय विचारायचं

सगळ्यात आधी माणसं मोजा. बहुतेक सामुदायिक बोटी जास्तीत जास्त १२ प्रवासी घेतात. त्याहून जास्त प्रवासी न्यायचे असतील तर बोटीला मॅरिटाइम अँड कोस्टगार्ड एजन्सीचं प्रवासी-बोटीचं प्रमाणपत्र लागतं आणि चालवणाऱ्याकडे बोटमास्टरचा परवाना असावा लागतो. लहान संस्थांना तो खर्च झेपत नाही. म्हणून 'आम्ही १४ आहोत, दोन लहान मुलं मांडीवर बसतील' असं सुचवू नका. मांडीवरचं मूलही सहसा प्रवासी म्हणून मोजलं जातं आणि कप्तानाला नाही म्हणावंच लागतं. मंडळाची सहल असेल तर दोन फेऱ्या करा. एक गट बोटीवर असताना दुसऱ्याने काठावर जेवण उरकायचं. हा बेत छान जमतो.

नंतर व्हीलचेअरचं बोला. नॅरोबोटची, म्हणजे कालव्यावरच्या त्या लांबोळक्या बोटीची, बाहेरची रुंदी जेमतेम ६ फूट १० इंच असते, कारण जुने अरुंद लॉक (बोट वर-खाली नेणारे दरवाज्यांचे हौद) ७ फूट रुंदीचे बांधलेले आहेत. आत बसायला जागा, स्वच्छतागृह आणि छोटं स्वयंपाकघर एका ओळीत बसवलेलं असतं, त्यामुळे फिरायला जागा कमी. खुर्चीची रुंदी, लांबी आणि माणसासकट वजन आधी कळवा. विजेवर चालणारी खुर्ची खूप जड असते, आणि लिफ्टला वजनाची मर्यादा असते. ग्रँड युनियनचा दक्षिण भाग आणि केनेट अँड एव्हन इथले लॉक दुप्पट रुंद आहेत, त्यामुळे तिथल्या काही संस्थांकडे रुंद बोटी मिळतात. दोन खुर्च्या शेजारी ठेवायच्या असतील तर मुद्दाम त्याच मागा.

आणि हे विचाराच: धक्क्यापासून गाडी किती लांब उभी राहते? वाटेत किती लॉक आहेत? आई-बाबा बोटीवर आरामात बसतील, पण चिखलाच्या पायवाटेवरून दोनशे मीटर चालणं हीच त्यांची खरी परीक्षा ठरू शकते. लॉक नसलेली फेरी ज्येष्ठांना जास्त सुखाची, आणि मुलं असतील तर निदान एक लॉक हवाच. स्लाऊचा फाटा साधारण ५ मैलांचा आणि विनालॉक आहे. उलट लंडन ते बर्मिंगहॅम या १३७ मैलांच्या ग्रँड युनियन मुख्य मार्गावर १६६ लॉक आहेत.

पैशांचं प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं. कुठे पूर्ण बोटीचं भाडं, कुठे माणशी, कुठे फक्त देणगी. तारीख मात्र लवकर घ्या. सहली साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात आणि जून-जुलैचे शनिवार-रविवार फार आधी भरतात. आठवड्याच्या मधला दिवस चालत असेल तर तो घ्या. तेव्हा कालवाही शांत असतो.

तिसरी पायरी: त्या दिवशी

कपडे उबदार. जूनमध्येही पाण्यावर वारा बोचतो आणि बसून राहिलेल्या माणसाला तो जास्त लागतो. आईसाठी शाल, बाबांसाठी कानटोपी, आणि एक जास्तीचं ब्लँकेट. पायात पकड असलेले सपाट बूट. साडी नेसून आत बसायला काहीच हरकत नाही, पण मागच्या डेकवर उभं राहताना पदर किंवा ओढणी नीट खोचून घ्यावी.

खाणं घरून न्या. बोटीवरची शेगडी चहापुरती समजावी, तळण अजिबात नको. दशम्या, थालीपीठ, चटणी, लाडू असं हातात धरून खाता येईल असं काहीही उत्तम. स्वयंसेवकांनाही विचारा. आमच्या बोटीवर एका गटाने आणलेल्या दडप्या पोह्यांची आठवण क्रू अजून काढतो. कचरा मात्र सगळा पिशवीत भरून परत न्यायचा.

इथेच गणपतीबद्दल सांगून टाकते, कारण दरवर्षी कुणीतरी विचारतं. कालव्यात मूर्ती किंवा निर्माल्य सोडू नका. कालव्याचं पाणी जवळपास साचलेलं असतं. टाकलेलं वाहून न जाता तिथेच कुजतं, आणि कापड-दोरा बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकतो. विसर्जनासाठी घरची बादली किंवा मंडळाने परवानगी घेऊन ठरवलेली जागा बघावी.

बोट सुटण्याआधी कप्तान सुरक्षेच्या सूचना देतो. इंग्रजी नीट न समजणाऱ्या ज्येष्ठांना त्या मराठीत सांगायची जबाबदारी तुमची. मुख्य मुद्दे असे: बोट चालू असताना हात, कोपर, डोकं खिडकीबाहेर काढायचं नाही, कारण पुलाखालची भिंत काही इंचांवरून जाते. टपावर बसायचं नाही. बोट काठाला आदळेल असं वाटलं तरी हातापायाने अडवायचं नाही. मोठ्या नॅरोबोटचं वजन १५-२० टन भरतं, मध्ये सापडलेलं हाड टिकत नाही. आणि काठावर उडी मारायची नाही, बोट थांबल्यावर पाऊल टाकून उतरायचं. लाइफ जॅकेट मुलांना घालाच, आणि पोहता न येणाऱ्या मोठ्यांनीही मागून घ्यावं.

कुणी पाण्यात पडलंच तर ओरडून कप्तानाला सांगा, त्याला आधी पंखा थांबवायचा असतो. पडलेल्या माणसाला 'उभे राहा' असं सांगा. कालवा बहुतेक जागी कंबर-छातीइतकाच खोल असतो आणि घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही. लॉकमध्ये मात्र पाणी खोल असतं, तिथे दोर किंवा रिंग फेकायची. मागोमाग कुणीही उडी घ्यायची नाही. ९९९ ला फोन करताना जवळच्या पुलाचा क्रमांक सांगा. कालव्यावरच्या पुलांना क्रमांकाच्या पाट्या असतात, येता-जाता त्या वाचत राहा.

उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टो मुंबईकरांना पावसाळ्यामुळे ठाऊक आहे. तोच आजार इथेही कालव्याच्या पाण्यातून होऊ शकतो, जरी क्वचित. हाताला जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावा, दोर हाताळल्यावर साबणाने हात धुऊन मगच खा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना कालव्यावर गेल्याचं सांगा.

चौथी पायरी: लॉक ओलांडताना

सहलीचा सगळ्यात रंगतदार भाग हाच, आणि सगळ्यात धोक्याचाही. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. त्यात पाणी भरलं की बोट वर चढते, सोडलं की उतरते. पंप नाही, मोटार नाही, सगळं पाण्याच्या स्वतःच्या वजनावर. पाणी सोडायच्या झडपांना पॅडल म्हणतात आणि त्या फिरवायच्या किल्लीला विंडलस. पाहुण्यांनाही यात हात लावू देतात, म्हणून क्रम नीट समजून घ्या.

वर चढताना:

१. लॉक खालच्या पातळीवर रिकामा हवा. तो भरलेला असेल आणि समोरून बोट येत असेल तर तिला आधी येऊ द्या. अरुंद लॉकच्या एका फेरीत सुमारे लाखभर लिटर पाणी खाली जातं, ते उगाच सोडायचं नाही.

२. बोट आत आली की खालचे दरवाजे आणि त्यांची पॅडल पूर्ण बंद करा.

३. वरच्या बाजूची जमिनीतली पॅडल आधी, अर्धीच उघडा. पाणी जोरात शिरलं तर बोट पुढे-मागे खेचली जाते. दरवाज्यातली पॅडल पाण्याखाली जाईपर्यंत उघडू नका, नाहीतर धबधबा थेट बोटीच्या पुढच्या डेकवर पडतो आणि तिथेच बहुधा व्हीलचेअर असते.

४. दोन्हीकडची पातळी एक झाली की दरवाजा सहज हलतो. हलत नसेल तर पातळी अजून सारखी झालेली नाही. पाठ लावून नेट लावायची गरज नाही, थांबा.

५. बोट बाहेर पडली की पॅडल विंडलसने हळूहळू खाली आणा आणि दरवाजे बंद करा.

उतरताना हेच उलट, पण एक मोठी काळजी घ्यायची. वरच्या दरवाज्याच्या आत पाण्याखाली दगडी उंबरा असतो, त्याला सिल म्हणतात. भिंतीवर पांढऱ्या खुणेने त्याची जागा दाखवलेली असते. बोटीचं मागचं टोक त्या खुणेच्या पुढे हवं. मागे राहिलं तर पाणी उतरताना ते उंबऱ्यावर टेकतं, पुढचं टोक पाण्याबरोबर खाली जातं, आणि काही मिनिटांत बोट पाण्याने भरू शकते. म्हणून लॉकवर गप्पा, फोटो, फोन बंद. विंडलस हातात असलेल्याने नजर बोटीवरून काढायची नाही, आणि काहीही वेगळं दिसलं तर कारण शोधत न बसता आधी उघडी पॅडल सगळी बंद करायची. विंडलस दांड्यावर लावून सोडू नये. झडप सटकली तर ती गरगर फिरते आणि हात मोडते.

मोठी माणसं लॉकमध्ये आतच बसली तरी चालतं. भिंत हळूहळू वर सरकताना बघायला त्यांना फार आवडतं.

पाचवी पायरी: पाहुण्याचे क्रू व्हा

एक-दोन सहलींनंतर कुणाला तरी टिलर धरावासा वाटतोच. टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा. बहुतेक संस्था नव्या माणसाला आधी काठावरची आणि दोराची कामं देतात, मग लॉक, मग सुकाणू. हा क्रम मला योग्य वाटतो. ज्याला दोर नीट टाकता येत नाही त्याने बोट धक्क्याला लावू नये. प्रशिक्षण संस्थेतच मिळतं. पुढे कम्युनिटी बोट्स असोसिएशनचे अभ्यासक्रम आहेत, आणि रॉयल यॉटिंग असोसिएशनचं इनलँड वॉटरवेज हेल्म्समन प्रमाणपत्रही घेता येतं. मुलं किंवा आधाराची गरज असलेल्या माणसांबरोबर काम असेल तर डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची, तपासणी होते. तिला थोडा वेळ लागतो, म्हणून हंगामाआधी अर्ज करावा. व्हिसाचंही बघा: भेटीच्या व्हिसावर आलेल्या पालकांना नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते, आणि भेटीचा मुख्य हेतू तो नसावा. पाहुणा म्हणून बसायला अर्थातच काही अडचण नाही.

सुकाणू धरताना सुरुवातीला डोकं गोंधळतं. टिलर डावीकडे ढकलला की पुढचं टोक उजवीकडे जातं. बोट वळते ती मधल्या बिंदूभोवती, म्हणजे पुढचं टोक उजवीकडे गेलं की मागचं डावीकडे झाडूनच जातं आणि काठावर आपटू शकतं. ब्रेक नाही, थांबायला मागचा गिअर टाकावा लागतो, आणि तोही वेळ घेतो. पंख्याने पाणी मागे ढकललं तरच सुकाणू नीट काम करतं, त्यामुळे वळणावर एकदम गती तोडली तर बोट ऐकत नाही. लवकर वळवायला लागा, थोडं वळवा, लगेच सरळ करा. समोरून बोट आली तर उजवीकडून जायचं. भारतात आणि इथेही रस्त्यावर डावीकडून चालवणाऱ्या आपल्या हातांना हे मुद्दाम शिकवावं लागतं.

वेगाची मर्यादा बहुतेक कालव्यांवर ताशी ४ मैल. पण खरा नियम मागे वळून बघण्याचा: काठावर लाट फुटत असेल तर वेग जास्त आहे. बांधून ठेवलेल्या बोटींजवळून तर इंजिन अगदी मंद ठेवायचं. त्यांत माणसं राहतात, शेगडीवर त्यांचा चहा उकळत असतो.

पंख्यात प्लास्टिक किंवा कापड अडकणं शहरी भागात नित्याचंच. बोट थरथरू लागते, धूर येतो, वेग पडतो. काठाला लावा, इंजिन बंद करा आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा. मगच मागच्या डेकखालचं तपासणीचं झाकण उघडून हात घाला. काम झाल्यावर ते झाकण घट्ट बसलंय ना, हे दोघांनी बघायचं. सैल राहिलं तर इंजिन सुरू होताच पाणी आत येतं.

पैसे आणि हिवाळा

डिझेल, परवाना, विमा, रंग, बॅटऱ्या, दर काही वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा लेप लावणं, असा खर्च चालूच असतो, आणि सहलींच्या भाड्यातून तो क्वचितच पूर्ण निघतो. देणगी देणार असाल आणि ब्रिटनमध्ये आयकर भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म भरा. प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. सहलीच्या भाड्याला मात्र ही सवलत लागू होत नाही, म्हणून देणगी वेगळी द्या.

नोव्हेंबर ते मार्चमध्ये अनेक ठिकाणी लॉक दुरुस्तीसाठी बंद असतात आणि सहली थांबतात. नव्या माणसाने संस्थेत शिरायला हाच काळ चांगला. सगळे निवांत असतात, इंजिन उघडलेलं असतं, आणि ऑइल कसं बदलायचं, बिल्ज म्हणजे तळातलं पाणी कसं उपसायचं, गाठी कशा मारायच्या हे शिकवायला जाणत्यांना वेळ असतो. जानेवारी-फेब्रुवारीत ईमेल टाका, तुमच्याकडे महिन्यातून किती वेळ आहे ते खरं सांगा, आणि सुतारकाम, हिशेब, स्वयंपाक, गुजराती किंवा हिंदी बोलणं यांपैकी जे येतं ते लिहा. लेस्टर-साउथॉलसारख्या ठिकाणी ज्येष्ठांच्या गटांशी त्यांच्या भाषेत फोनवर बोलू शकणारा माणूस संस्थेला टिलर धरणाऱ्याइतकाच हवा असतो.